घाटातच बंद पडणारा ट्रक: टाकी ते फीड पंप या टप्प्यातल्या दोषाचा शोध

गाडी दहा टायरी. सहा सिलिंडरचे टर्बो डिझेल इंजिन, साधारण १८० अश्वशक्तीचे, आणि त्यावर मेकॅनिकल इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला मोजून, जास्त दाबाने डिझेल देणारा मोठा पंप), ज्याला गॅरेजात अजूनही सगळे ‘मायको पंप’च म्हणतात. एप्रिल २०१७ च्या आधी विकलेली, बीएस-३ या जुन्या प्रदूषण मानकाची. स्कॅनर लावून कोड वाचण्याची सोय या गाडीत नाही. जे कळायचे ते कानाला, हाताला आणि गेजच्या काट्यावर कळणार.

तक्रार एका वाक्याची होती: भरलेली गाडी कसारा घाट चढताना बंद पडते. भिवंडीहून माल भरून नाशिककडे येताना हा त्रास. नाशिकहून कांदा भरून खाली उतरताना कधीच नाही. रिकामी असताना नाही. सपाट रस्त्यावर क्वचित, आणि तेही गाडी दाबून चालवली तरच. बंद पडली की दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, प्रायमर (डिझेल ओढायचा छोटा हातपंप) मारायचा, गाडी चालू होते आणि काही झालेच नाही अशा थाटात वर जाते. कधी पुढच्याच खेपेला पुन्हा बंद, तर कधी आठवडाभर काही नाही.

नाशिकच्या आडगाव भागातल्या आमच्या गॅरेजात येईपर्यंत या गाडीवर बरेच काम झाले होते. दोन्ही डिझेल फिल्टर एकदा नाही, अनेकदा बदललेले. फीड पंप, म्हणजे टाकीतून डिझेल ओढून फिल्टरकडे ढकलणारा छोटा पंप, नवा. वॉटर सेपरेटर नवा. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) उतरवून प्रेशर तपासलेले. शेवटी पंप उतरवून पंपवाल्याकडे नेला, एलिमेंट (पंपाच्या आतले दाब देणारे भाग) बदलले, कॅलिब्रेशन करून परत बांधला. डिझेल लाइनला कॉम्प्रेसरची हवा मारून झाली होती. टाकी धुऊन झाली होती. यातल्या जवळपास प्रत्येक कामानंतर गाडी काही खेपा नीट चालली, आणि जो भाग बदलला त्यालाच श्रेय मिळाले. मग पुन्हा घाटात बंद.

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. अधूनमधून येणारा दोष एखाद्या दुरुस्तीनंतर काही दिवस गायब होतो आणि परत येतो, तेव्हा बहुतेक जण म्हणतात, ‘नवा भागही खराब निघाला.’ विचारायला हवे ते वेगळेच. त्या सगळ्या दुरुस्त्यांमध्ये समान काय होते? इथे समान होते ते एवढेच, की प्रत्येक वेळी टाकीकडून येणारी डिझेल लाइन कुठे ना कुठे उघडली गेली होती. हे आम्हाला सुरुवातीला माहीत नव्हते, पण कामांची यादी गाडीमालक शेठकडून क्रमाने लिहून घेतली तेव्हाच ते डोळ्यांत भरले.

ड्रायव्हरकडून काय काढून घेतले

गाडी उघडण्याआधी ड्रायव्हरशी निवांत बोलणे हे माझ्या मते निम्मे निदान असते. पण ‘काय होतं?’ असे विचारले तर उत्तर ‘बंद पडते’ एवढेच येते. प्रश्न टोकदार हवेत.

“मामा, बंद पडताना झटक्यात बंद होते की आधी मरगळते?”

“झटक्यात नाही मेस्त्री. आधी पिकअप जातो. तिसऱ्यात असलो तर दुसऱ्यात घ्यावी लागते. मग हुकायला लागते, आणि मग बसते.”

या एका उत्तराने स्टॉप सोलेनॉइड यादीत बराच खाली गेला. या गाडीत किल्ली चालू असेपर्यंत सोलेनॉइडला करंट मिळतो आणि तो डिझेल सुरू ठेवतो. वायर सैल झाली किंवा तापून कॉइल सुटली, तर इंजिन किल्ली फिरवल्यासारखे एका क्षणात जाते. आधी ताकद जाणे, मग हुकणे, मग बंद होणे ही डिझेल हळूहळू कमी पडण्याची चाल आहे.

“त्या वेळी धूर कसा?”

“धूर नसतोच. टर्बोची शिट्टीपण उतरते.”

हेही डिझेल कमी पडण्याच्याच बाजूचे. एअर फिल्टर चोक असता किंवा टर्बोचा पाइप फाटला असता, तर ताकद जाताना काळा धूर आला असता, कारण डिझेल पुरेसे आणि हवा कमी. धूर नाही आणि ताकदही नाही, याचा अर्थ सिलिंडरमध्ये जाळायला डिझेलच पोचत नाही.

“बंद पडल्यावर प्रायमर मारता, तेव्हा हाताला कसा लागतो?”

मामा थोडे थांबले. मग म्हणाले, “लगेच मारला तर वर ओढायला जड. सोडला की आपोआप खाली खेचला जातो. थोडा वेळ थांबून मारला की नेहमीसारखा.”

इतकी बातमी देणारे उत्तर फार कमी वेळा मिळते, म्हणून यावर थोडे थांबतो. प्रायमर वर ओढतो तेव्हा तो टाकीकडून डिझेल खेचतो, खाली दाबतो तेव्हा फिल्टरकडे ढकलतो. लाइन कुठूनतरी एअर घेत असेल, तर प्रायमर पोकळ लागतो; वर-खाली सहज जातो आणि खाली दाबताना हाताला डिझेलचा भार जाणवत नाही. फिल्टर चोक असेल, तर खाली दाबताना जड. वर ओढताना जड आणि सोडल्यावर आत खेचला जाणारा प्रायमर म्हणजे टाकीकडून येणारी वाट बंद आहे. घाटात, अंधारात, कुठलेही हत्यार नसताना ड्रायव्हरला हे कळू शकते. मामांना ते कित्येक दिवस माहीत होते; त्यांना कोणी विचारले नव्हते.

घाटच का

वाट पूर्ण बंद असती तर गाडी गॅरेजच्या दारातही चालली नसती. ती अर्धवट किंवा काही वेळापुरती बंद होत होती, आणि घाटातच. याचे कारण साध्या हिशेबात दिसते. १८० अश्वशक्ती म्हणजे सुमारे १३२ किलोवॅट. अशी इंजिने पूर्ण भारावर दर किलोवॅट-तासाला साधारण २१० ग्रॅम डिझेल जाळतात. म्हणजे तासाला अंदाजे २८ किलो, लिटरमध्ये ३३-३४. हीच गाडी सपाट रस्त्यावर लिटरला चार-साडेचार किलोमीटर देत ताशी ५० ने चालली, तर तासाला ११-१२ लिटर पुरते. इंजिनला घाटात सपाटीच्या जवळपास तिप्पट डिझेल लागते, आणि रिटर्न लाइनने टाकीत परत जाणारे डिझेलही फीड पंपालाच खेचावे लागते. कसाऱ्यापासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या इगतपुरीपर्यंत गाडी जवळपास अखंड पूर्ण भारावर असते. सपाटीवर जो अडथळा पचतो, तो इथे पचत नाही.

दुसरे कारण टाकी. चढावर डिझेल टाकीच्या मागच्या बाजूला सरकते. टाकी कमी भरलेली असेल आणि सक्शन पाइप (टाकीतून डिझेल ओढणारा पाइप) पुढच्या बाजूला असेल, तर पाइप उघडा पडून हवा ओढतो. पण मामांच्या म्हणण्याप्रमाणे टाकी अर्ध्याहून जास्त असतानाही गाडी बंद पडली होती, आणि हवा ओढली असती तर प्रायमर पोकळ लागला असता. ही शक्यता तिथेच संपली.

तरीही झाकणाचा संशय घेतला

डिझेलची वाट आणखी एका प्रकारे बंद होते, ती म्हणजे टाकीला हवा न मिळाल्याने. टाकीतून डिझेल बाहेर जाते तेवढी हवा आत यायला हवी. झाकणातले किंवा टाकीवरचे श्वासाचे भोक धुळीने बुजले, की टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि फीड पंप त्याच्याशी झगडत बसतो. थांबल्यावर हवा हळूहळू आत झिरपते आणि गाडी परत चालते. लक्षणे आपल्या तक्रारीसारखीच. प्रायमरही असाच खेचला जातो.

इथे एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते: भोक बुजले असेल तर भरलेली टाकी जास्त लवकर दगा देते. २०० लिटरच्या टाकीत फक्त १० लिटर हवेची जागा उरली आहे असे धरा. घाटात साधारण १० मिनिटांत ५ लिटर डिझेल गेले, तर ती १० लिटर हवा १५ लिटर जागेत पसरते आणि तिचा दाब दोन-तृतीयांशावर येतो. म्हणजे पाऱ्याच्या भाषेत सुमारे २५० मिलिमीटरचा व्हॅक्यूम, जो फीड पंपाला भारी पडतो. टाकी अर्धी असेल, म्हणजे हवा १०० लिटर, तर तेवढ्याच ५ लिटरने दाब जेमतेम पाच टक्के उतरतो. म्हणून ‘टाकी फुल केली की त्रास’ अशी तक्रार असेल, तर आधी झाकण बघावे.

आमच्या गाडीत झाकण नवे होते, पण बाजारातले. हवेचे भोक नसलेली झाकणे सर्रास मिळतात, म्हणून उतरवून पाहिले. भोक होते आणि मोकळे होते. तरी निकाल राखून ठेवला. पुढच्या वेळी गाडी बंद पडली की सर्वांत आधी झाकण उघडायचे, हवा आत ओढल्याचा आवाज येतो का ते ऐकायचे आणि लाइनला हात लावायचा नाही, असे मामांना सांगून ठेवले.

काहीही न उघडता मोजणे

आता प्रश्न होता मोजण्याचा, आणि तेही दोष समोर हजर असताना. गॅरेजात उभ्या गाडीवर काहीही निघणार नव्हते. पंप कॅलिब्रेशनच्या टेस्ट बेंचवर गेला तेव्हाही असेच झाले होते. बेंचवर पंपाला बेंचचे डिझेल मिळते, या गाडीच्या टाकीतले नव्हे. सक्शन लाइनमध्ये दोष असेल तर पंप बेंचवर निर्दोषच दिसणार. पंपाच्या खर्चात पडण्याआधी हे शेठना कोणीतरी सांगायला हवे होते.

फीड पंपाच्या तोंडाशी, डिझेल आत येते तिथे, टी जोड बसवला आणि त्यावरून व्हॅक्यूम गेजची नळी काढली. दुसरा टी फिल्टरनंतर, मोठ्या पंपाच्या गॅलरीच्या (पंपाच्या आत डिझेल साठणाऱ्या जागेच्या) तोंडाशी, प्रेशर गेजसाठी. दोन्ही गेज केबिनच्या बाहेर, आरशाच्या ब्रॅकेटला बांधले, ड्रायव्हरशेजारून दिसतील असे. डिझेलची नळी केबिनमध्ये घेऊ नये. सुटली तर पायाखाली आणि गरम भागांवर डिझेल सांडते. सोलेनॉइडच्या वायरीवर २४ व्होल्टचा छोटा दिवाही समांतर लावला. गाडी मरताना दिवा पेटलेला राहिला, तर करंटचा विषय कायमचा मिटतो.

दोन गेज एकत्र का, तर दोघांच्या जोडीतून दोष कुठल्या टप्प्यात आहे ते कळते. गॅलरीचे प्रेशर तर सगळ्याच प्रकारांत पडते. प्रेशर पडले आणि व्हॅक्यूम वाढला, तर अडथळा फीड पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला. प्रेशर पडले आणि व्हॅक्यूमही पडला, तर लाइन एअर घेते आहे किंवा फीड पंपच ओढत नाही. प्रेशर पडले, व्हॅक्यूम उतरला आणि प्रायमर दाबायला जड, तर फिल्टर. आणि दोन्ही गेज जागच्या जागी असताना इंजिन मेले, तर मग मोठ्या पंपाकडे, गव्हर्नर या वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे किंवा सोलेनॉइडकडे वळायचे. एवढे चित्र हातात असते तर आधीचा निम्मा खर्च झालाच नसता.

गाडी भिवंडीहून भरून निघाली तेव्हा गेज लावलेले होते. पहिल्या खेपेला ती निमूट वर आली. ती खेपही वाया गेली नाही, कारण निरोगी आकडे मिळाले: आयडलला व्हॅक्यूम २० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास, घाटात पूर्ण भारावर ६०-७०. या जातीच्या पुष्कळ इंजिनांत फीड पंपाच्या तोंडाशी १०० मिलिमीटरपर्यंत चालवून घेतात, म्हणजे लाइन मुळात सशक्त होती. गॅलरीचे प्रेशर एक बारच्या थोडे वर, स्थिर.

पुढच्या एका खेपेला घाटाच्या मध्यावर काटा हलला. ६५ वरून १००, मग १५०. इंजिनला अजून काही कळले नव्हते. आवाज तोच, ओढ तीच. २०० च्या पुढे गॅलरीचे प्रेशर खाली यायला लागले. २५० च्या सुमारास मामांनी गिअर उतरवला. व्हॅक्यूम ४०० जवळ गेला, प्रेशर शून्याकडे, इंजिन हुकले आणि बंद पडले. सोलेनॉइडचा दिवा शेवटपर्यंत पेटलेला.

खरी माहिती मिळाली ती इंजिन बंद पडल्यानंतर. व्हॅक्यूमचा काटा खाली आला नाही. इंजिन थांबलेले, फीड पंप थांबलेला, आणि काटा ३५० वर लटकलेला. लाइन कुठे एअर घेत असती, तर त्या वाटेने हवा येऊन काटा लगेच शून्यावर आला असता. तो लटकला, म्हणजे फीड पंपाचा व्हॉल्व्ह एका टोकाला आणि अडथळा दुसऱ्या टोकाला, मधली लाइन जवळपास हवाबंद. झाकण उघडले. आवाज नाही, काटा तसाच. झाकण निर्दोष. मग आम्ही काहीच केले नाही, फक्त पाहत राहिलो. काटा हळूहळू उतरत गेला, शंभराच्या खाली आल्यावर एकदम शून्यावर पडला. त्यानंतर प्रायमर मारला, तो नेहमीसारखा लागला आणि गाडी चालू झाली.

‘एकदम पडला’ हे फार महत्त्वाचे. चिकटलेली काहीतरी वस्तू सुटली होती. काजळी, गाळ किंवा चेपलेला पाइप असा सुटत नाही. आतून सोललेला रबरी पाइप मात्र असा वागू शकतो. जुन्या पाइपाचे आतले अस्तर सुटते, व्हॅक्यूमने आत ओढले जाते, वाट बंद करते आणि व्हॅक्यूम गेला की परत जागेवर जाते. बाहेरून पाइप नवाकोरा दिसतो. म्हणजे आता दोन संशयित उरले: रबरी पाइप, आणि टाकीच्या आत सक्शनवर येऊन बसणारे काहीतरी.

कॅन लावून

दोघांना वेगळे करायला जुनीच युक्ती वापरली. टाकीकडून येणारा रबरी पाइप टाकीच्या तोंडाशी सोडवला आणि चॅसिसला घट्ट बांधलेल्या डिझेलच्या कॅनमध्ये सोडला. रिटर्न लाइनही त्याच कॅनमध्ये घेतली, नाहीतर परत येणारे डिझेल टाकीत जाते आणि कॅन बघता बघता रिकामा होतो. पाइप तोच, वॉटर सेपरेटर तोच, फीड पंप तोच. बदलली फक्त टाकी. पाइपाचे अस्तर सुटलेले असते, तर घाटात कॅनवरही व्हॅक्यूम चढला असता.

कॅनवर गाडी भारासह घाट चढली, काटा ७० च्या वर गेला नाही. एका चढावरून निकाल देणे धोक्याचे होते, कारण टाकीवरही गाडी काही वेळा नीटच चढत होती. म्हणून पाइप उतरवून कापून उभा चिरला. आतून गुळगुळीत, अस्तर शाबूत. नव्या पाइपाची किंमत या खात्रीपुढे काहीच नाही. आता टाकी उरली.

टाकीत काय होते

टाकी आधी धुतलेली होती, त्यामुळे शेठ तयार नव्हते. “धुतली की टाकी, आत काय राहणार?” असा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. पण धुणे म्हणजे खालचा ड्रेन प्लग काढून डिझेल सोडले आणि थोडे ताजे डिझेल फिरवून काढले, एवढेच झाले होते. टाकीत आडव्या पत्र्याच्या भिंती असतात, डिझेल हिंदकळू नये म्हणून. त्यांच्या मागे जे चिकटते ते ड्रेन प्लगमधून येत नाही.

टाकी खाली घेतली, पूर्ण रिकामी केली, फ्लोटचे युनिट आणि सक्शन पाइप वर काढला. पाइपाच्या टोकाची जाळी वरवर स्वच्छ, पण तिच्या खालच्या अंगाला गाळाच्या थरात एक सपाट, गुळगुळीत ठसा उमटलेला. आत बॅटरीच्या दिव्याने पाहिले, तर मधल्या भिंतीच्या कडेला पातळ पॉलिथीनचा तुकडा चिकटलेला होता. तळहाताएवढा, दुकानात मिळते त्या पातळ पिशवीचा, डिझेलने मऊ पडलेला आणि जवळपास पारदर्शक झालेला. सहज नजरेत येण्यासारखा नव्हता.

पॉलिथीन पाण्यावर तरंगते, म्हणून ते डिझेलवरही तरंगत असेल असे वाटते. तसे नाही. पॉलिथीनची घनता पाण्यापेक्षा थोडी कमी, ०.९१ च्या पुढे, डिझेलची ०.८२ ते ०.८५ च्या दरम्यान. म्हणजे डिझेलमध्ये पॉलिथीन बुडते, पण इतके सावकाश की हिंदकळणाऱ्या टाकीत ते तळाजवळ फिरत राहते. सक्शन पाइपाचे तोंडही तळाजवळच. सपाटीवर ओढ कमी, तुकडा जाळीजवळून निघून जातो. घाटात ओढ बरीच वाढते, तुकडा जाळीकडे खेचला जातो आणि एकदा अर्धा चिकटला की व्हॅक्यूम वाढतो, वाढलेला व्हॅक्यूम त्याला आणखी घट्ट धरतो. इंजिन थांबल्यावर कडेने थोडे थोडे डिझेल झिरपते, व्हॅक्यूम उतरतो आणि तुकडा गळून पडतो. मामांची दहा-पंधरा मिनिटे म्हणजे हाच वेळ.

आधीच्या सगळ्या दुरुस्त्यांनी गाडी का ‘बरी’ व्हायची, तेही इथे उलगडते. फीड पंप या गाडीत टाकीच्या पातळीपेक्षा वर आहे. पंपाजवळ लाइन उघडली की त्यातले डिझेल उलटे टाकीत परत जाते आणि जाळीवरचा तुकडा आतून ढकलला जाऊन दूर निघून जातो. कॉम्प्रेसरची हवा मारल्यावर तर तो थेट टाकीच्या दुसऱ्या कप्प्यात जात असणार. फिल्टर बदला, फीड पंप बदला, मोठा पंप उतरवा. लाइन उघडली की गाडी चालणारच. म्हणून माझे ठाम मत आहे, की अधूनमधून बंद पडणाऱ्या गाडीची डिझेल लाइन गेज लावण्यापुरती एकदा उघडावी आणि दोष गेजवर दिसेपर्यंत पुन्हा उघडू नये. हवा तर आधी मुळीच मारू नये. पुरावाच उडून जातो.

तुकडा आत गेला कसा, हे आधीच्या ड्रायव्हरला फोन केल्यावर कळले. पावसाळ्यात झाकण चोरीला गेले होते. नवे मिळेपर्यंत तोंडावर पिशवी बांधून वर रबर लावले होते. एकदा डिझेल भरताना पेट्रोल पंपावरच्या पोराने पिशवी सोडवायच्या ऐवजी फाडली. तेवढे निमित्त पुरले. टाकीच्या तळाशी पाणी आणि काळपट चिकट थरही सापडला, तोही त्याच पावसाळ्यातला असावा. डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना लागतात तिथे जंतू वाढतात आणि असा थर धरतो.

उरलेला त्रास

टाकी साफ झाली, पाइप नवा बसला, गाडी घाटात ६५-७० वर स्थिर. पण एक बारीक तक्रार राहिली: सकाळी पहिल्या स्टार्टला गाडी लांबते, चालू होऊन एकदा मरगळते आणि मग नीट होते. ही तक्रार पहिल्यापासून होती का, असे विचारले तर मामा म्हणाले, नव्हती, मधल्या काळात सुरू झाली.

हा वेगळा दोष, आणि तो दुरुस्त्यांमधूनच आलेला. फीड पंपाच्या तोंडाशी पारदर्शक नळीचा तुकडा लावला तर आयडलला बारीक बुडबुडे दिसले. सक्शन लाइनवर जिथे फट असते तिथून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत येते; त्यामुळे बाहेरून सगळे कोरडे आणि निर्दोष दिसते. घाटातले आकडे यामुळे बिघडले नव्हते, कारण फट फार बारीक होती. रात्रभरात मात्र त्या फटीतून हवा शिरून लाइनमधले डिझेल टाकीत उतरत होते.

एकेका जोडावर घट्ट ग्रीस लावत गेलो आणि नळीकडे पाहत राहिलो. वॉटर सेपरेटरच्या बँजो बोल्टवर (मधून डिझेल जाणाऱ्या पोकळ बोल्टवर) ग्रीस लागल्यावर बुडबुडे थांबले. तिथे जुनेच तांब्याचे वायसर परत लावलेले होते आणि वरून टेफ्लॉनची टेप गुंडाळलेली. तांब्याचा वायसर एकदा दाबला गेला की कडक होतो आणि दुसऱ्यांदा नीट बसत नाही. नवा लावावा, नसेल तर लाल करून थंड करून मगच वापरावा. आणि डिझेलच्या जोडावर टेफ्लॉन टेप लावणे मला मुळीच मान्य नाही. तिचे धागे सुटून फीड पंपाच्या व्हॉल्व्हखाली अडकतात. या गाडीच्या फीड पंपाच्या जाळीतही असे दोन-तीन धागे मिळाले. वायसर बदलले, टेप काढली, नळी स्वच्छ दिसली, सकाळचा त्रास गेला.

बीएस-४ किंवा बीएस-६ च्या कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) गाडीत हाच पॉलिथीनचा तुकडा असता तर काय झाले असते, असा विचार मनात येतो. स्कॅनरने रेल प्रेशर कमी असल्याचा कोड दाखवला असता, आणि कोड वाचून संशय थेट हाय प्रेशर पंपावर किंवा त्याच्या कंट्रोल व्हॉल्व्हवर गेला असता. ते भाग या गाडीच्या पंपापेक्षा कितीतरी महाग. शिवाय त्या पंपाला वंगण डिझेलचेच मिळते. असा वारंवार उपाशी चालला तर तो खरोखरच खराब होतो, आणि मग तपासणाऱ्याला पंपच दोषी सापडतो. कोड सांगतो प्रेशर कुठे कमी आहे. का कमी आहे ते सक्शनवर गेज लावल्याशिवाय कळत नाही.

गेज गाडीवर आम्ही काही खेपा तसेच ठेवले. घाटातला आकडा मामा स्वतः वहीत लिहीत होते, टाकी किती भरली होती तेही. आकडा हलला नाही, मगच टी काढले. शेठच्या बाकीच्या गाड्याही त्याच मार्गावर चालतात. त्यांतल्या एका गाडीच्या टाकीच्या तोंडावर पिशवी आणि रबर बांधलेले सापडले. तिला त्याच दिवशी भोकाचे, कुलूप असलेले झाकण बसवले आणि टाकी उतरवून आत पाहून घेतले.